गोवानस कॅनॉल साफ केला म्हणजे नेमकं काय केलं?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गोवानस नावाचा एक कॅनॉल आहे, जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि साधारण 30 मीटर रुंद, आणि गेल्या काही वर्षांत त्याच्या काठावर टॉवर्स इतके झपाट्याने उभे राहिलेत की जुने फोटो शेजारी ठेवले तर जागा ओळखू येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक वीजघर पडीक होतं, त्याचं 2023 मध्ये कलाकारांचं वर्कशॉप झालं, गोदामांच्या जागी कॅफे आले. या सगळ्यावर बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळी भरपूर बोलतात. मला बोलायचंय ते पाण्याखाली आणि जमिनीखाली काय चाललंय त्यावर, कारण हा सगळा परिसर टिकणार की नाही ते तिथे ठरणार आहे आणि नेमकं तेच फ्लॅटच्या जाहिरातीत नसतं.

आधी इथे कॅनॉल नव्हताच, खाडी होती. भरती-ओहोटीचं पाणी, दलदल, आणि डच लोक आले त्या काळी इथली कालवं (ऑयस्टर) आकारासाठी नावाजलेली होती. 1849 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने खाडी खोदून सरळ करायला परवानगी दिली आणि पुढच्या वीसेक वर्षांत दलदल बुजवून तिथे बोटी लागायला लागल्या. मग कातडी कमावणारे आले, सिमेंट, रंग, शाई, खतं, तेल शुद्ध करणारे कारखाने आले. इथल्या सबवेचं एक स्टेशन जमिनीपासून जवळजवळ 27 मीटर वर आहे, कारण 1930 च्या दशकात ते बांधताना खालून उंच डोलकाठीची जहाजं जाऊ द्यायची होती!

पण खरी घाण केली ती गॅस कारखान्यांनी, त्यामुळे तिथे जरा थांबूया. त्या काळी नैसर्गिक वायू पाइपने येत नव्हता, गॅस बनवावा लागायचा. दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता तापवायचा, म्हणजे तो पेटत नाही पण त्यातून हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड असं मिश्रण बाहेर पडतं, ते थंड करून, धुऊन शहरात दिवे आणि शेगड्यांसाठी पाठवायचं. मुंबईत 1860 च्या दशकात रस्त्यावर ज्या गॅसबत्त्या लागल्या त्यांचा गॅसही असाच कोळशापासूनचा. आता तो गॅस थंड करताना खाली उरतं ते काळं चिकट कोळशाचं डांबर. त्यात बेन्झीन असतं, नॅफ्थलीन असतं (कपाटातल्या डांबरगोळ्यांचा तो ओळखीचा वास), आणि पीएएच नावाची संयुगांची मोठी फॅमिली असते, म्हणजे कार्बनची कडी एकमेकांना चिकटलेले रेणू. यातल्या बऱ्याच रेणूंमुळे कॅन्सर होतो आणि ते सहजासहजी कुजत नाहीत. गोवानसच्या काठावर असे तीन मोठे गॅस कारखाने होते आणि डांबराचा बराच भाग जमिनीत आणि पाण्यात गेला.

हे डांबर पाण्यापेक्षा जड असतं. रॉकेल किंवा डिझेल सांडलं तर वर तरंगतं, निदान दिसतं, काढता येतं. हे खाली बुडतं, वाळूच्या फटींतून खाली खाली जात राहतं आणि चिकणमातीचा थर आडवा आला तरच थांबतं. एका जुन्या गॅस कारखान्याच्या जागेखाली ते 100 फुटांच्याही खाली सापडलंय. कॅनॉलच्या गाळात काही ठिकाणी पीएएचचं प्रमाण साडेचार टक्क्यांपर्यंत मोजलं गेलं, म्हणजे 100 किलो गाळात साडेचार किलो, असल्या गाळाला नुसतं दूषित म्हणणं म्हणजे फारच सौम्य झालं. शिवाय शिसं, तांबं, पारा, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरायचे ती विषारी रसायनं) हे सगळं आहेच. सरासरी 10 फूट जाडीच्या या गाळाला तिथले लोक 'काळं मेयोनेज' म्हणतात.

डांबर तळाशी गेलं म्हणून ते तिथे गप्प बसत नाही. गाळात सांडपाण्याचा सेंद्रिय कचरा असतो, तो ऑक्सिजनशिवाय कुजतो आणि मिथेनचे बुडबुडे तयार होतात, हे बुडबुडे वर येताना डांबराची पातळ फिल्म आपल्याभोवती गुंडाळून आणतात आणि पृष्ठभागावर फुटले की पाण्यावर इंद्रधनुषी तवंग पसरतो. म्हणजे गॅस कारखान्यांची घाण आणि सांडपाण्याची घाण हे दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीत, दुसरीमुळे पहिली वर येते.

हे सांडपाणी येतं कुठून? न्यूयॉर्कच्या मोठ्या भागात पावसाचं पाणी आणि संडास-मोरीचं पाणी एकाच पाइपमधून जातं. कोरड्या दिवशी सगळं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर जातं, ठीक. जोराचा पाऊस आला की पाइपची क्षमता संपते, आणि घराघरांत पाणी उलटं येऊ नये म्हणून जास्तीचं पाणी, मैल्यासकट, थेट कॅनॉलमध्ये सोडलं जातं. गोवानसमध्ये हे वर्षाला ढोबळमानाने 140 कोटी लिटर व्हायचं. त्यात कॅनॉलचं वरचं टोक बंद, त्यामुळे आत आलेली घाण भरती-ओहोटीने नीट बाहेर जात नाही, जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि मग सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. यावर 1911 मध्ये एक बोगदा करून पाणी खेळतं ठेवायची व्यवस्था केली होती, मोठ्या पंख्याने पाणी ढकलायची, ती 1960 च्या दशकात बंद पडली आणि 1999 मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली तीसेक वर्षं पाणी तसंच साचलेलं.

मार्च 2010 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, गोवानसला 'सुपरफंड' यादीत टाकलं, म्हणजे कायद्याने साफ करायलाच लागतील अशा सगळ्यात दूषित जागांच्या यादीत. हा कायदा 1980 चा आणि तो आला त्यामागेही एक कॅनॉलच होता. नायगारा फॉल्स शहरातला लव्ह कॅनॉल, अर्धवट खोदून सोडलेला, त्यात एका केमिकल कंपनीने हजारो टन रासायनिक कचरा टाकून वर माती लोटली होती आणि त्यावर नंतर शाळा आणि घरं उभी राहिली. 1978 मध्ये तिथल्या कुटुंबांना घरं सोडून जावं लागलं. त्यातून तत्त्व निघालं की ज्याने घाण केली, किंवा त्याचा जो वारस असेल, त्याने साफसफाईचा खर्च द्यायचा. गोवानसबाबत तेव्हाचं महापौरांचं प्रशासन या यादीच्या विरोधात होतं, त्यांचं म्हणणं, सुपरफंडचा शिक्का बसला की कोणी बिल्डर येणार नाही, आणि एका मोठ्या बिल्डरने खरोखर प्रोजेक्ट सोडलासुद्धा. तरीही मला वाटतं की ईपीएने केलं तेच बरोबर होतं, कारण जुन्या गॅस कंपन्यांचा वारसा आज ज्या गॅस पुरवणाऱ्या युटिलिटीकडे आहे ती कंपनी आणि खुद्द महापालिका, दोघांनाही कायद्याने बांधल्याशिवाय एवढा पैसा बाहेर आलाच नसता. 2013 च्या प्लॅनमध्ये खर्च 50 कोटी 60 लाख डॉलर धरला होता, पुढे तो दीड अब्जाच्या वर गेला.

नोव्हेंबर 2020 मध्ये गाळ काढायला सुरुवात झाली आणि वरच्या टोकाचा भाग 2024 मध्ये पूर्ण झाला. मधला आणि खालचा भाग त्याच्या मागून. पण साफ केला म्हणजे काय केलं हे नीट समजून घ्यायला हवं. वरचा मऊ गाळ उपसून बार्जमधून नेला. त्याआधी काठाला स्टीलच्या शीट ठोकाव्या लागल्या, कारण जुन्या भिंती कुजलेल्या, गाळ काढला की काठच आत येईल अशी भीती. त्याखालच्या मूळ मातीतसुद्धा डांबर मुरलेलंय, ते सगळं काढायचं म्हटलं तर किती खोल जाणार? मग सगळ्यात वाईट जागी मातीत सिमेंट कालवून ती तिथेच घट्ट केली आणि तळावर थरांची टोपी घातली. सगळ्यात खाली तेल शोषून धरणारी खास प्रक्रिया केलेली चिकणमाती, ही डांबराचे थेंब पकडते, तिच्या जोडीला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, जो पाण्यात विरघळलेले पीएएच पकडतो (घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये असतो तोच), मग वाळू-खडीचा थर, त्यावर बोटींच्या पंख्याने उखडू नये म्हणून दगड, आणि दगडांच्या फटीत वाळू, म्हणजे तळाशी राहणाऱ्या जिवांना घर मिळेल.

म्हणजे डांबर गेलेलं नाही, ते खाली आहे, बंदिस्त आहे. मला यात फसवणूक वाटत नाही, इंजिनिअरिंगच्या दृष्टीने हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण सगळं खणायला गेलं तर विष आणखी ढवळलं जाईल. पण कार्बनची आणि त्या मातीची शोषायची क्षमता अमर्याद नसते, त्यामुळे टोपीवर कायम नजर ठेवावी लागते आणि घाण जागेवरच राहणार असेल तर दर पाच वर्षांनी तपासणी करणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

याच गाळात एक अनपेक्षित गोष्टही आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यातला डीएनए वाचला आणि 2025 मध्ये निष्कर्ष छापले. साडेचारशेच्या आसपास सूक्ष्मजीवांच्या जाती, त्यांच्याकडे प्रदूषक तोडायचे 64 जैवरासायनिक मार्ग, आणि जड धातू हाताळणारे हजाराहून जास्त जीन्स! दीडशे वर्षं डांबरात राहून जे टिकले ते डांबर खायला शिकले. उद्या दुसरीकडची घाण साफ करायला हे जिवाणू कामी येऊ शकतात, मात्र त्यांच्यात अँटिबायोटिक्सना दाद न देणारे जीन्सही सापडलेत आणि ते बहुधा सांडपाण्यातून आलेत, म्हणजे पुन्हा तेच पाइप.

आता घरांकडे. नोव्हेंबर 2021 मध्ये शहराने 82 ब्लॉक्सचं रिझोनिंग मंजूर केलं, म्हणजे कारखान्यांसाठी राखलेल्या जमिनीवर घरं बांधता येतील असा नियम बदलला, अंदाजे साडेआठ हजार नवे फ्लॅट, त्यातले तीन हजार परवडणाऱ्या दरात, आणि शेजारच्या जुन्या सरकारी वसाहतींच्या दुरुस्तीला 20 कोटी डॉलर. हे पैसे त्या रहिवाशांनी भांडून मिळवले, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण इथे जमिनीखालची वाफ हा मुद्दा येतो. बेन्झीनसारखी संयुगं हवेत सहज उडतात, मातीतल्या फटींतून वर येतात आणि हिवाळ्यात घर आतून गरम असलं की गरम हवा वर चढते, तळाशी दाब कमी होतो आणि घर अक्षरशः ती वाफ खालून ओढून घेतं. यावर उपाय आहे, तळाखाली जाड पडदा टाकायचा आणि स्लॅबखालची हवा पाइप-पंख्याने छतावर सोडायची. उपाय चालतो, पण पंखा वर्षानुवर्षं चालू राहायला हवा. ज्या जागेखाली डांबर 100 फुटांपेक्षा खोल गेलंय तिथेच साडेनऊशेच्या आसपास परवडणारी घरं आणि एक शाळा प्लॅनमध्ये आहे. ज्यांना दुसरीकडे घर परवडत नाही त्यांनाच सगळ्यात कठीण जमिनीवर घर, हे मला खटकतं, आणि लव्ह कॅनॉलची गोष्ट माहीत असल्यावर तर जास्तच.

आणि क्रम चुकलाय असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळी मैला अडवायला जमिनीखाली दोन टाक्या होतायत, एक 3 कोटी लिटरची, दुसरी दीड कोटीची, पाऊस ओसरला की साठलेलं पाणी हळूहळू प्लांटकडे पंप करायचं. ईपीएने त्या 2013 लाच मागितल्या होत्या, कारण नव्या टोपीवर पुन्हा मैला साचला तर दीड अब्ज कशाला घातले? टाक्या पूर्ण व्हायला हे दशक संपत येईल आणि लोक मात्र आधीच राहायला आलेत. रिझोनिंगच्या जेमतेम तीन महिने आधी, 1 सप्टेंबर 2021 ला, आयडा वादळाच्या पावसाने न्यूयॉर्कमध्ये एका तासात 80 मिलिमीटरचा विक्रम केला होता. असा पाऊस टाक्या तयार व्हायच्या आत पुन्हा पडला तर जुने पाइप जे करत आलेत तेच करतील, फक्त या वेळी वरच्या बाल्कन्यांमध्ये माणसं असतील.