बर्फ सारायचा, गवत कापायचं: एटीव्ही घेताना सीसीच्या आधी काय पाहावं?

एटीव्हीच्या माहितीपत्रकावर सगळ्यात ठळक आकडा असतो तो इंजिनाच्या सीसीचा. ४००, ५७०, ८५०, १०००. आकडा वाढतो तशी किंमत वाढते, आणि घेणाऱ्याला वाटत राहतं की काम जड आहे, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, मोठं इंजिन घेऊन टाकू. पण ज्यांना ही गाडी हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ सारायला आणि उन्हाळ्यात माजलेलं गवत कापायला हवी आहे, त्यांच्यासाठी हा आकडा यादीत बराच खाली यायला हवा. कागद-पेन्सिल घेऊन थोडा हिशोब केला की ते लगेच दिसतं.

आधी गाडीची ओळख. एटीव्ही म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची सीट असलेली चारचाकी. टायर रुंद आणि मऊ, त्यात हवा जेमतेम ५ ते ७ पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये ती ३०च्या आसपास असते. १९७० साली होंडाने आणलेली यूएस-९० ही तीन चाकांची होती आणि मौजेसाठी होती. तीनचाकी गाड्या वळणावर उलटून इतके अपघात झाले की १९८८ मध्ये अमेरिकेत त्यांची नवी विक्री थांबली. तोवर १९८६ मध्ये होंडाचीच फोरट्रॅक्स ३५० आली होती, चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी. कामाची एटीव्ही म्हणतात ती खऱ्या अर्थाने तिथून रुळली, आणि तिचं इंजिन साडेतीनशे सीसीचं होतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता बर्फाचा हिशोब. गाडीच्या पुढे बसवलेलं, बर्फ ढकलणारं पोलादी पातं म्हणजे ब्लेड. ते दीड मीटर रुंद, बर्फ १५ सेंटिमीटर जाड, आणि सारायची वाट १० मीटर. एवढ्यात सव्वादोन घनमीटर बर्फ येतो. तो ताजा, भुसभुशीत असेल तर एका घनमीटरचं वजन १०० किलोच्या आत-बाहेर असतं, म्हणजे एकूण सव्वादोनशे किलो. दोन दिवस पडून दबलेला असेल तर घनमीटरला ३०० किलोपर्यंत जातो, आणि तेवढ्याच वाटेवर पावणेसातशे किलो होतात. ब्लेड तिरकं धरलं की बराचसा बर्फ बाजूला ओघळत जातो, सगळा पुढे साचत नाही. तरी एकाच जाडीचा बर्फ एका दिवशी हलका आणि दुसऱ्या दिवशी तिप्पट जड असू शकतो.

हा भार ढकलायला जोर कुठून येतो? इंजिन चाकं फिरवतं, पण गाडी पुढे जाते ती टायर आणि जमीन यांच्यातल्या पकडीमुळे. गाडी ३०० किलोची आणि चालवणारा ८० किलोचा धरू. दाबलेल्या बर्फावर रबराचा घर्षणांक, म्हणजे वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा, साधारण ०.२ ते ०.३ असतो, ०.२५ घेतला तर चारही चाकं मिळून जास्तीत जास्त ९५ किलो वजनाइतका जोर लावू शकतात. त्याहून जास्त मागितला की चाकं जागच्या जागी फिरतात. ताशी ७ किलोमीटरच्या वेगाने हा पूर्ण जोर लावत राहायला किती शक्ती लागते? अडीच अश्वशक्ती. चाकांची घसरण, इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्यात वाया जाणारी शक्ती, खोल बर्फातून गाडीला स्वतःला वाट काढायला लागणारा जोर, असं सगळं धरून तिप्पट करा. तरी आठ अश्वशक्तीच्या आत भागतं. चारशे-साडेचारशे सीसीचं साधं इंजिन याहून कितीतरी जास्त देतं. हजार सीसीचं इंजिन त्याच चार टायरांवर, त्याच बर्फावर, फक्त जास्त जोरात घसरेल.

म्हणून पहिली अट चारचाकी जोराची, म्हणजे फोर-बाय-फोरची. फक्त मागची चाकं ओढत असतील तर साधारण अर्धंच वजन पकडीच्या कामी येतं आणि ९५ किलोचे ४७ होतात. त्यात वाट दहाला एक अशी चढाची असेल तर गाडी आणि माणूस वर नेण्यातच ३८ किलो खर्ची पडतात. बर्फासाठी उरतात नऊ. स्वस्त म्हणून दोनचाकी जोराची एटीव्ही घेणाऱ्यांची निराशा होते ती या वजाबाकीत. पैसे कमी असतील तर इंजिन लहान घ्या, जुनी गाडी घ्या, पण इथे तडजोड करू नका.

पकड वाढवायचे आणखी दोन उपाय खूप कमी खर्चाचे आहेत. मागच्या कॅरिअरवर ४० किलो वाळूची पोती घट्ट बांधली की ढकलण्याचा जोर दहा किलोने वाढतो. शिवाय पुढे लटकलेल्या ब्लेडमुळे मागची चाकं हलकी पडतात, तेही सावरतं. कॅरिअरची मर्यादा मात्र पुस्तिकेत पाहून घ्यावी. दुसरा उपाय टायरवर चढवायच्या साखळ्यांचा. गोठून काच झालेल्या वाटेवर रबराचा घर्षणांक ०.१ पर्यंत उतरतो, तिथे साखळीच्या कड्या बर्फात रुततात आणि गाडी चालते.

ब्लेडची रुंदी निवडताना एक गोष्ट हमखास सुटते. ब्लेड सरळ नसतं, बर्फ कडेला जावा म्हणून तिरकं धरलेलं असतं. ६० इंचाचं ब्लेड ३० अंश तिरकं केलं की प्रत्यक्ष साफ होणारा पट्टा ५२ इंचांचा राहतो. ४८ इंची ब्लेडचा तो ४२ इंचांच्या आत येतो. गाडीची चाकं बाहेरून बाहेर ४६ ते ४८ इंच असतील तर लहान ब्लेडच्या मागे चाकं न सारलेल्या बर्फावरून जातात, तो दाबून टाकतात, आणि पुढच्या फेरीत तो खरवडून निघत नाही. मध्यम गाडीला ६० इंची ब्लेड बहुतेक वेळा बरोबर बसतं. ब्लेडची दांडी गाडीच्या पोटाखाली चौकटीला जोडणारी असावी हे माझं ठाम मत आहे. समोरच्या टोकाला जोडली की ब्लेड उंच उचलता येतं, पण प्रत्येक धक्का चौकटीच्या नाजूक टोकावर बसतो.

आणि धक्के बसतातच. बर्फाखाली दगड असतो, फरशीची कड असते. ब्लेडमागच्या स्प्रिंगा त्यासाठीच असतात. अडथळा आला की ब्लेड पुढे झुकतं, त्यावरून सरकतं आणि परत उभं राहतं. पण स्प्रिंगेची ताकद ठरावीक असते आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८ ऐवजी २० किलोमीटरने गेलात तर वेग अडीचपट होतो, धडक सव्वासहापट. खडीची वाट असेल तर ब्लेडखालच्या सरकत्या चकत्या लावून ते जमिनीपासून थोडं वर ठेवावं, नाहीतर वसंतात सगळी खडी कडेच्या गवतात सापडते.

ब्लेड वर-खाली करते ती विंच, म्हणजे दोर गुंडाळणारी विजेवरची चरखी. २५०० किंवा ३००० पौंडी विंच पूर्ण भाराला शंभराहून जास्त अँपिअर ओढते. ब्लेड उचलायला तेवढे लागत नाहीत, पण एका सकाळी ते असंख्य वेळा उचलावं लागतं, आणि कमी वेगावर चालणारं इंजिन वीजही कमी बनवतं. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांना शिसे-आम्लाची बॅटरी तिच्या क्षमतेचा मोठा भाग गमावून बसते. त्यामुळे गरजेच्या वस्तूंत चांगली बॅटरी आणि घरी लावून ठेवायचा छोटा चार्जर धरावा. विंचला पोलादी तारेऐवजी कृत्रिम धाग्याचा दोर घ्यावा. ब्लेड उचलताना दोराचा तोच वीतभर तुकडा पुन्हा पुन्हा वाकतो, आणि तार तिथेच एकेक धागा तुटत जाते.

बर्फ लगेच सारावा असं सांगतात त्यामागे फार सुंदर विज्ञान आहे. बर्फाचे कण नेहमीच आपल्या वितळणबिंदूच्या जवळ असतात, त्यामुळे दोन कण टेकले की त्यांच्यामध्ये पाण्याचे रेणू सरकून एक सांधा तयार होऊ लागतो. ब्लेडने ढकललेल्या बर्फात कण मोडून बारीक होतात, एकमेकांवर दाबले जातात, सांध्यांची संख्या एकदम वाढते. काही तासांत तो ढीग इतका कडक होतो की एटीव्ही त्याला हलवू शकत नाही. म्हणून हंगामाच्या पहिल्याच बर्फाला ढीग शक्य तितका लांब नेऊन टाकायचा. कडेलाच टाकलात तर पुढच्या प्रत्येक खेपेला वाट अरुंद होत जाईल.

गवताचं काम अगदी वेगळं. एटीव्हीला शेतीच्या ट्रॅक्टरसारखा, अवजाराला जोर देणारा फिरता दांडा सहसा नसतो, त्यामुळे मागे ओढायच्या मोअरला, म्हणजे गवत कापायच्या यंत्राला, स्वतःचं इंजिन असतं. ४४ इंची, रानटी गवताच्या मोअरवर ते दहा-पंधरा अश्वशक्तीचं असतं. गवताच्या काडीला मागून आधार देणारं काही नसतं. पातं सावकाश आलं तर काडी नुसती वाकते. ती तुटते कारण पातं इतक्या वेगाने येतं की काडीला स्वतःच्या जडत्वामुळे बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. अमेरिकेतल्या यंत्रमानकांत पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातलेली आहे, म्हणजे ताशी जवळजवळ ३५० किलोमीटर. त्या वेगाने उडालेला खडा कुठे जाईल याचा विचार करून माणसं आणि जनावरं लांब ठेवावीत.

गाडीच्या वाट्याला फक्त ओढणं येतं. अडीचशे किलोचा मोअर गवतावरून ताशी ६ किलोमीटरने न्यायला पाऊण अश्वशक्तीही लागत नाही. या वेगाने वळणं आणि ओव्हरलॅप धरून तासाला सव्वा एकराच्या आसपास गवत कापून होतं.

शक्ती नाही, तर उष्णता त्रास देते. बहुतेक एटीव्हींत गिअरच्या जागी सीव्हीटी असतं: दोन कप्प्या आणि त्यांच्यामध्ये रबरी पट्टा. कप्प्या जवळ-लांब होऊन गिअर बदलल्याचं काम करतात. हाताने निवडायचे गिअर उरतात ते हाय आणि लो. सावकाश वेगाला हाय गिअरमध्ये कप्पी पट्ट्याला नीट आवळत नाही; पट्टा घासत राहतो, तापतो, चकचकीत होतो आणि एक दिवस तुटतो. भार घेऊन ताशी १०-११ किलोमीटरच्या खाली चालायचं असेल तर लो गिअर टाका. बर्फालाही तोच नियम. इंजिन पाण्याने थंड होणारं घ्या, कारण या वेगाला समोरून वारा येत नाही. रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी अडकतं ते रोज झाडा. सायलेन्सरजवळ साचलेला सुका पाला आग लावू शकतो.

हिरवळ नीटनेटकी हवी असेल तर मागचा आस जोडलेला आहे का हे विचारा. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरत असतील आणि त्यांच्यातलं अंतर ९० सेंटिमीटर असेल, तर फेरीच्या शेवटी उलट दिशेला वळताना बाहेरच्या चाकाला पावणेतीन मीटर जास्त जावं लागतं. तेवढं एखादं चाक घासतं आणि गवत मुळासकट सोलतं. काही गाड्यांत मागची चाकं मोकळी करायचं बटण असतं; माळरानाला त्याची गरज नाही. जमीन सपाट आणि हिरवळच असेल, बर्फ थोडाच पडत असेल, तर एटीव्हीपेक्षा बसून चालवायचा साधा लॉन ट्रॅक्टर स्वस्त पडतो आणि गवत अधिक सुबक कापतो.

जुनी गाडी घेताना किलोमीटरबरोबर तासांचा मीटरही वाचा. ३,००० किलोमीटर आणि ४०० तास म्हणजे सरासरी वेग ताशी साडेसात: ही गाडी आयुष्यभर ओढत आणि ढकलत आली आहे. अशा गाडीच्या समोरच्या चौकटीचे वेल्डिंगचे सांधे, ब्लेड जोडलं होतं त्या जागा, स्टिअरिंगच्या दांड्या नीट पाहा. चाक धरून आत-बाहेर हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा आणि मग स्वतः सुरू करा. चारही चाकं अधांतरी राहतील अशी गाडी भक्कम आधारावर ठेवून, फोर-बाय-फोरचं बटण दाबा आणि पाहा पुढची चाकं खरंच फिरतात का. बऱ्याच गाड्यांत पुढची चाकं मागची घसरू लागल्यावरच जोर घेतात, त्यामुळे पुस्तिका वाचून मगच ही चाचणी करा. तिथेच ओढण्याच्या वजनाची मर्यादाही छापलेली असते, मोअर निवडण्याआधी ती लिहून घ्या.