एकतीस पाट आणि नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर

गिरगावातल्या चाळीत आमच्या स्वयंपाकघराची जमीन काळ्या-पांढऱ्या लाद्यांची होती, बुद्धिबळाच्या पटासारखी आठ बाय आठ. एका कोपऱ्यातल्या लादीवर पाण्याचे पिंप असे आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यात रॉकेलचा डबा. उरल्या ६२ लाद्या. एक पाट शेजारच्या दोन लाद्या झाकतो असे धरले, तर शेजारपाजारहून ३१ पाट आणून (चाळीत तेही जमले असते) सगळी जमीन झाकता येईल का? हिशेब जुळतो, डोळ्यांपुढे चित्रही उभे राहते; पण हे अशक्य आहे. तिरके समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात, त्यामुळे एका रंगाच्या ३० आणि दुसऱ्या रंगाच्या ३२ लाद्या उरतात, आणि पाट आडवा ठेवा की उभा, तो एक काळी नि एक पांढरी लादीच झाकतो. एकही पाट न हलवता प्रश्न निकालात निघाला.

ज्याची स्पष्ट कल्पना करता येते ते शक्य असते, हा तत्त्वज्ञांचा जुना दंडक डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये उचलून धरला होता. माझ्या मते त्यात ‘स्पष्ट’ हा शब्दच सगळा भार उचलतो, कारण पाटांचे चित्र रंग मोजेपर्यंत स्पष्टच वाटत होते.

कल्पना उलट बाजूनेही फसवते: जे मनात येत नाही तेही घडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. शहराची जुनी गटारे ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाणी वाहून नेतील अशा बेताने बांधलेली होती. जे घडले ते शक्य होतेच, यापेक्षा पक्का पुरावा नाही. पण जे आजवर घडले नाही ते अशक्य, असे मात्र त्यातून निघत नाही. म्हणूनच मोठ्या धरणाचा सांडवा आखताना अभियंते केवळ जुन्या नोंदींवर विसंबत नाहीत. त्या भागातल्या हवेत जास्तीत जास्त किती बाष्प मावेल आणि त्यातून किती पाऊस पडू शकेल, याचे गणित ते मांडतात. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेत मावणारे बाष्प साधारण ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे ‘शक्य’ची ही कमाल मर्यादाही वर सरकते.

जिथे घडलेली घटनाही नाही आणि बाष्पाच्या गणितासारखी मर्यादा सांगणारी यंत्रणाही नाही, तिथे पंचाईत होते. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा अंदाज गोल्डबाख आणि ऑयलर या गणितज्ञांच्या १७४२ च्या पत्रव्यवहारातून पुढे आला. चारावर अठरा शून्ये इतक्या मोठ्या संख्येपर्यंत संगणकाने तो तपासला आहे आणि अपवाद सापडलेला नाही. तो खरा असेल तर अपवाद अशक्य आहे, खोटा असेल तर अपवाद अटळ आहे; आणि आपल्याला दोन्हींची कल्पना सारख्याच सहजतेने करता येते. पाटांच्या कोड्यात लाद्यांचे रंग कामी आले. या संख्यांमध्ये तसा रंग अजून कोणालाही दिसलेला नाही.