रिडक्शन ग्राफ आणि रेडेक्समधलं ट्रेसेस

रिडक्शन ग्राफ म्हणजे एखादी टर्म, म्हणजे गणितातली पदावली किंवा प्रोग्रामचा तुकडा, नियम लावत लावत कुठून कुठे जाते त्याचं चित्र. प्रत्येक टर्मची एक चौकट, नियम एकदा लावला की एक बाण, आणि जिच्यावर पुढे कुठलाच नियम लागत नाही ती टर्म म्हणजे नॉर्मल फॉर्म. हाताने पण काढता येतं हे, पण चार-पाच पायऱ्या झाल्या की वही पुरत नाही, म्हणून टूल लागतं. रॅकेट या प्रोग्रामिंग भाषेबरोबर येणाऱ्या रेडेक्स या टूलमधे ट्रेसेस नावाचं फंक्शन आहे ते नेमकं हेच काम करतं. ही नोंद मुख्यतः त्याच्यावर आहे आणि नाशिकला कॉलेज करता करता लॅम्डा कॅल्क्युलस (फंक्शन बनवणं आणि लावणं एवढ्यावरच उभी असलेली छोटी गणिती भाषा) किंवा कंपायलर स्वतःहून शिकणाऱ्या पोरापोरींना समोर धरून लिहिलीये.

अगदी साधं उदाहरण घ्या, (१ + २) × (३ + ४). आधी डावा कंस सोडवला तर ३ × (३ + ४), आधी उजवा सोडवला तर (१ + २) × ७, आणि तिथून दोघंही ३ × ७ वर येतात, मग २१. एकूण पाच चौकटी, पाच बाण. नाशिकरोडहून पंचवटीत निमाणीला जायचं तर द्वारका करून जा नाहीतर जेलरोडने नांदूर नाक्यावरून जा, उतरायचं निमाणीलाच, तसंच आहे हे. फळ्यावर आपण एकाखाली एक ओळी लिहितो तेव्हा यातला एकच रस्ता दिसतो, दुसरा होता हेच कळत नाही, आणि माझ्या मते लॅम्डा कॅल्क्युलस अवघड वाटण्याचं अर्धं कारण तिथेच आहे.

रस्ते परत एकत्र येतात याला कॉन्फ्लुएंस म्हणतात. अलोन्झो चर्च आणि बार्कले रॉसर यांनी १९३६ साली लॅम्डा कॅल्क्युलससाठी हे सिद्ध केलं, म्हणजे एकाच टर्मपासून दोघं वेगवेगळ्या वाटांनी निघाले तरी पुढे कुठेतरी भेटता येतं, आणि म्हणून नॉर्मल फॉर्म असलाच तर एकच असतो. पण तिथे पोचालच असं हा प्रमेय म्हणत नाही! ओमेगा बघा, (लॅम्डा क्ष. क्ष क्ष) (लॅम्डा क्ष. क्ष क्ष), म्हणजे क्ष घेऊन क्ष ला क्ष लावणारं फंक्शन स्वतःलाच लावलं; बीटा नियम, म्हणजे फंक्शनच्या आत नावाच्या जागी आर्ग्युमेंट ठेवायचा नियम, लावला की परत तीच टर्म, म्हणजे चित्रात एकच चौकट आणि स्वतःवरच वळलेला बाण. आता (लॅम्डा य. अ) ला हा ओमेगा आर्ग्युमेंट म्हणून द्या. दोन चौकटी येतात, पहिलीवर तोच वळलेला बाण आणि दुसरा बाण सरळ अ कडे. बाहेरचं आधी सोडवणारा, म्हणजे नॉर्मल ऑर्डरवाला, एका पायरीत अ वर पोचतो, आणि आर्ग्युमेंट आधी सोडवणारा कायम गोल फिरत राहतो. दोन स्ट्रॅटेजींमधला हा फरक पानभर समजावून सांगण्यापेक्षा या दोन चौकटी दाखवलेल्या बऱ्या.

रेडेक्सची मूळ मांडणी जेकब मॅथ्यूज, रॉबर्ट फाइंडलर, मॅथ्यू फ्लॅट आणि मथायस फेलायझन यांनी २००४ साली केली, तेव्हा रॅकेटचं नाव पीएलटी स्कीम होतं, ते २०१० मधे बदललं. वापरायची पद्धत अशी की आधी आपल्या भाषेचं व्याकरण लिहायचं, मग नियम लिहायचे आणि प्रत्येक नियमाला नाव द्यायचं, मग ट्रेसेसला नियम आणि सुरुवातीची टर्म दिली की वेगळी खिडकी उघडते. नियमांची नावं बाणांवर येतात, चौकटी माउसने हलवता येतात. ठराविक इतक्या नव्या टर्म सापडल्या की ते थांबतं आणि पुढचं हवं असेल तर रिड्यूसचं बटण दाबायचं. ही मर्यादा हवीच, कारण (लॅम्डा क्ष. क्ष क्ष क्ष) स्वतःलाच लावलं तर दर पायरीला टर्म वाढतच जाते आणि चित्र कधीच संपत नाही.

तीच टर्म परत आली तर नवी चौकट न काढता जुनीलाच बाण जोडायचा, ही गोष्ट छोटी वाटते पण सगळं तिच्यावर उभं आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दहा बेरजा एका टर्ममधे असतील तर त्या सोडवायचे क्रम ३६,२८,८०० होतात, पण वेगळ्या टर्म फक्त १,०२४. प्रत्येक क्रमाची वेगळी फांदी असलेलं झाड काढायला गेलात तर बुडालात, ग्राफ काढलात तर निदान कॉम्प्युटरला तरी झेपतं. आता तीच टर्म म्हणजे काय हा प्रश्न लॅम्डाच्या बाबतीत त्रास देतो, (लॅम्डा क्ष. क्ष) आणि (लॅम्डा य. य) यात फक्त नाव बदललंय. निकोलास डी ब्राउन यांनी १९७२ मधे नावांच्या जागी आकडे वापरून हा प्रश्नच काढून टाकला. रेडेक्समधे भाषा लिहितानाच कुठलं नाव कुठे बांधलंय ते सांगता येतं, मग सब्स्टिट्यूशन करताना, म्हणजे नावाच्या जागी टर्म ठेवताना, नावांची टक्कर ते स्वतः टाळतं.

मला यातली सगळ्यात उपयोगी वाटणारी सोय म्हणजे ट्रेसेसला एक अट देता येते आणि जी टर्म ती अट पाळत नाही तिची चौकट गुलाबी होते. अट म्हणून आपला टाइप चेकर, म्हणजे आकड्याच्या जागी फंक्शन वगैरे आलं तर पकडणारा प्रोग्राम, द्या. सुरुवातीची टर्म टाइपात बसते, मधेच एक चौकट गुलाबी झाली, तर तिच्यात येणाऱ्या बाणावरचं नाव वाचा, गडबड त्या नियमात आहे नाहीतर टाइपच्या नियमात. स्वतःची छोटी भाषा बनवून प्रोजेक्ट करणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून लावून ठेवावं.

मात्र चित्राचा जोर एकाच बाजूला चालतो, आणि या टूलवर डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने हे पहिल्याच पानावर लिहायला हवं. एकाच टर्मपासून दोन वेगळे नॉर्मल फॉर्म दिसले तर कॉन्फ्लुएंस नाही, विषय संपला. पण दिसले नाहीत म्हणून आहे असं नाही, कदाचित अजून तिथपर्यंत खोदलंच नसेल. बाहेर जाणारा बाण नसलेली चौकट दिसली तर ती खरंच नॉर्मल फॉर्म आहे की मर्यादा संपली म्हणून तशीच राहिलीये हे आधी तपासायचं. जवळच्या पायऱ्या बघून निष्कर्ष काढणं पण धोक्याचं आहे. ब पासून अ आणि क, क पासून परत ब आणि ड, एवढे चार बाण काढून बघा. एका पायरीवर फुटलेल्या वाटा प्रत्येक वेळी जुळतात, तरी शेवट अ आणि ड असे दोन होतात. मॅक्स न्यूमन यांनी १९४२ मधे दाखवलं की एकेका पायरीची तपासणी पुरते, पण सगळे रस्ते कधीतरी संपत असतील तरच, आणि इथे ब-क चं चक्र संपतच नाही.

संशोधनात पण रेडेक्स कामाला आलंय. आयसीएफपी या फंक्शनल प्रोग्रामिंगच्या परिषदेतले २००९ चे नऊ पेपर त्यात मांडून बघितले गेले आणि २०१२ मधे निकाल आला, नऊच्या नऊ पेपरांत चुका निघाल्या. अर्थात ते फक्त चित्रं बघून झालं नाही, रँडम टेस्टिंगचा, म्हणजे कशाही टर्म आपोआप बनवून तपासण्याचा, त्यात मोठा वाटा होता.

रॅकेटचं पूर्ण इन्स्टॉलेशन केलं की रेडेक्स आणि त्याची कागदपत्रं मशीनवरच येतात, लॅबमधे नेट नसलं तरी अडत नाही. व्हेरिएबल आणि नियमांची नावं देवनागरीत ठेवता येतात, मराठीतून शिकवायचं असेल तर जरूर ठेवा. चित्र फाइलमधे सेव्ह करायला वेगळं फंक्शन आहे, खिडकीचा फोटो काढत बसू नका, आणि रिपोर्टमधे टाकताना चित्राखाली नियम कुठले, स्ट्रॅटेजी कुठली की सगळेच रस्ते, आणि किती टर्मनंतर थांबवलं, एवढं लिहा.