‘कायदा’ या एका शब्दासाठी

राज्यघटनेच्या नवव्या अनुसूचीत दुसऱ्याच क्रमांकावर मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ही अनुसूची आली, तेव्हा तिच्यात तेराच कायदे होते. जमीनदारी मोडणारे कायदे न्यायालयात अडकत होते, कुळं ताटकळत होती. यादीतला कायदा मूलभूत हक्कांच्या भंगाचं कारण देऊन रद्द करता येणार नाही, अशी तजवीज केली गेली. हेतू रास्तच होता.

गुंता झाला तो अनुच्छेद १३ (२) मधल्या एका शब्दाचा. मूलभूत हक्कांचा संकोच करणारा ‘कायदा’ राज्याने करू नये, केला तर तेवढ्यापुरता तो शून्यवत. मग घटनादुरुस्तीही ‘कायदा’च का? १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने नाही म्हटलं. १९६४ साली उत्तर तेच आलं, पण पाचांपैकी दोघांनी शंका नोंदवली. १९६७ साली पंजाबातल्या एका कुटुंबाच्या जमिनीचं प्रकरण अकरा न्यायमूर्तींपुढे गेलं आणि सहा विरुद्ध पाच मतांनी घटनादुरुस्ती ‘कायदा’ ठरली. मात्र निकाल पुढच्या काळापुरताच लागू केला. ज्या दुरुस्तीविरुद्ध ते कुटुंब भांडत होतं, ती कायम राहिली. वाटलेल्या जमिनी परत काढून घेतल्या असत्या तर अनर्थ झाला असता, हे खरं. तरी हक्क मान्य करून दाद नाकारणारा हा निकाल मला आजही पटत नाही.

१९७१ साली संसदेने अनुच्छेद १३ मध्येच चौथा खंड घालून घटनादुरुस्ती त्यातून वगळली. १९७३ साली तेरा न्यायमूर्तींनी ६८ दिवस सुनावणी घेतली आणि सात विरुद्ध सहा मतांनी वेगळीच वाट काढली: दुरुस्ती कोणतीही करा, घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावू नका. चौकटीत काय काय येतं, याची पक्की यादी मात्र दिली नाही.

पुढे आणीबाणीत माणसांना विनाचौकशी डांबणारा ‘मिसा’ही कुळांसाठी बांधलेल्या नवव्या अनुसूचीच्या आडोशाला आणून बसवला. १९७८ साली तो काढला. छापील प्रतीत ९२ व्या क्रमांकापुढे आता नुसत्या फुल्या दिसतात. यादी २८४ वर पोचली होती, तेव्हा २००७ साली नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ठरवलं: २४ एप्रिल १९७३ नंतर, म्हणजे मूलभूत चौकटीच्या निकालानंतर, अनुसूचीत घातलेले कायदे या चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. कूळकायदा त्या तारखेच्या कितीतरी आधीचा.