सायकल सुटते, पॅडल सुटत नाही

सायकल रॅकला अडकवली, हेल्मेट काढलं आणि पळायला लागलो. म्हणजे मला तसं वाटलं. मांड्यांत ओली वाळू भरल्यासारखी झाली होती, गुडघे वर येत नव्हते आणि पाऊल पुढे टाकायला जावं तर पाय गोल फिरू पाहत होते. गंमत म्हणजे दम लागलेला नव्हता. छाती ठणठणीत, पाय मात्र दुसऱ्याचे. माझ्या पहिल्या ड्यूएथलॉनमधलं हे अर्धा किलोमीटर कुणी चित्रित केलं नाही, हे बरंच झालं.

ड्यूएथलॉन म्हणजे आधी पळणं, मग सायकल, मग पुन्हा पळणं. प्रमाण अंतर 10 किलोमीटर धाव, 40 सायकल आणि 5 धाव. नवख्यांची 'स्प्रिंट' त्याच्या बरोबर निम्मी: 5, 20 आणि अडीच. दुसऱ्या टोकाला स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनची 1989 साली सुरू झालेली शर्यत. तिचं गाजलेलं अंतर 10, 150 आणि 30 किलोमीटर. ते वाचूनच गुडघे दुखतात. मी अर्थातच स्प्रिंटला नाव घातलं होतं. पाच किलोमीटर पळता येतं, वीस किलोमीटर सायकल तर बोलताबोलता होते, शेवटी अडीच म्हणजे किती! अशी बेरीज करून मी गेलो होतो. बेरजेत एका खेळातून दुसऱ्यात जायचे सांधे धरायचे राहिले.

पहिल्या धावेची फसवणूक अगदी साधी असते. भोवती शंभर माणसं, अंगात अ‍ॅड्रिनलिन, ताजे पाय. शरीराची ऑक्सिजन पुरवणारी यंत्रणा नव्या मागणीला पुरी पडायला दोन-तीन मिनिटं घेते. तोवरची उणीव स्नायू ऑक्सिजनशिवाय साखर फोडून भागवतात. त्यामुळे सुरुवातीला वेग फुकटात मिळाल्यासारखा वाटतो. बिल नंतर येतं. या व्यवहारात तयार होणाऱ्या लॅक्टेटला कित्येक वर्षं खलनायक ठरवलं गेलं. 'पायात अ‍ॅसिड साचलं' असं आपण अजूनही म्हणतो. पण 1980च्या दशकापासून शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी दाखवून दिलं, की लॅक्टेट हे इंधन आहे. एका स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट रक्तातून दुसऱ्या स्नायूकडे आणि हृदयाकडेही जातं आणि तिथे वापरलं जातं. खरा तोटा साखरेच्या साठ्याचा. स्नायूंमध्ये साधारण 400 ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं. दीड तासाच्या शर्यतीला ते पुरतं, पण पहिल्याच धावेत उधळलं तर शेवटी हात आखडावा लागतो. याहून लांब शर्यत असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. ती सायकलवर असतानाच घ्यावीत, कारण पळताना पोट हिंदकळतं आणि काही नको म्हणतं.

सायकलवर बसलात की प्रतिस्पर्धी बदलतो. आता लढाई हवेशी. सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग 10 टक्के वाढवायचा तर शक्ती सुमारे 33 टक्के जास्त. हा हिशेब उलटा वाचला तर नवख्याच्या फायद्याचा आहे: वेग किंचित कमी केला तर पाय भरपूर वाचतात. कोपर आत घेऊन, डोकं खाली करून बसलं तरी कमाई होते, आणि ती फुकट. दुसऱ्याच्या मागे चिकटून हवा चुकवली तर बचत आणखी मोठी, पण त्या 'ड्राफ्टिंग'ला बहुतेक हौशी शर्यतींत बंदी असते. पुढच्या सायकलपासून दहा-बारा मीटर अंतर ठेवावं लागतं. आणखी एक नियम नवखे हमखास विसरतात: रॅकवरून सायकल काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा, आणि सायकल परत रॅकवर ठेवल्याशिवाय तो सोडायचा नाही. मी उतरल्याउतरल्या पट्ट्याला हात घातला होता. पंचांनी शिट्टी वाजवली.

मग तो सांधा. सायकल ते धाव.

पॅडल मारताना मांडीचे स्नायू आखडत जाताना जोर लावतात. धक्का नाही, आदळणं नाही, शरीराचा भार खोगिरावर. पळताना याच्या उलट. प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने ढकलते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जाता जाता तो भार रोखावा लागतो. पोटरी आणि टाचेमागचा जाड अकिलीस कंडरा स्प्रिंगसारखे ताणले जातात आणि पुढच्याच क्षणी ती ऊर्जा परत देतात. पळणं म्हणजे अर्धं उड्या मारणं. सायकलवर या स्प्रिंगला तासभर सुट्टी होती. त्यात कंबर वाकलेली, मांडी पोटाकडे ओढणारे स्नायू आखूड स्थितीत राबलेले. आता त्यांना सांगायचं, ताठ व्हा आणि उड्या मारा.

पण पाय गोल का फिरतात? चालणं, पळणं, पॅडल मारणं यांचा ताल प्रत्येक पावलाला मेंदूने विचार करून ठरवलेला नसतो. 1911 साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की मेंदूशी संबंध तुटलेला मज्जारज्जूसुद्धा चालण्याचा ताल निर्माण करू शकतो. (हे गृहस्थ पुढे नावाजलेले गिर्यारोहकही झाले, म्हणजे पायांत त्यांना दोन्हीकडून रस होता.) माणसाच्या मज्जारज्जूतही असं तालयंत्र आहे, याकडे बोट दाखवणारे पुरावे बरेच आहेत. तासभर एकच ताल धरलेली चेतासंस्था सायकल सुटल्याबरोबर तो सोडत नाही. झुल्यावरून उतरल्यावर जमीन डुलते, तसाच काहीसा प्रकार.

यातून फायदाही निघतो. गॉटशॉल आणि पामर या संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ट्रायथलॉनपटूंना (पोहणं, सायकल आणि धाव अशी शर्यत करणाऱ्यांना) अर्धा तास सायकल चालवायला लावून मग 3200 मीटर पळवलं. एरवीपेक्षा भरभर पॅडल मारलेल्या फेरीनंतर ते, सावकाश पॅडल मारलेल्या फेरीच्या तुलनेत, सरासरी जवळजवळ एक मिनिट लवकर पोचले, कारण पावलंही भरभर पडत होती. गणित जुळतंही: मिनिटाला 90 पॅडल म्हणजे दोन पायांचे मिळून 180 ठेके, आणि सराईत धावपटूची पावलं त्याच आसपास पडतात. जड गिअर टाकून मिनिटाला 60 पॅडल मारत आलेला माणूस उतरतो तेव्हा त्याच्या अंगात 120चा ठेका असतो. मी तोच माणूस होतो. शेवटच्या दोन किलोमीटरना गिअर हलका करून पाय भरभर फिरवावेत, असं जुने खेळाडू सांगतात, ते उगाच नाही.

डोळेही फसवतात. हायवेवरून गाडी काढून गल्लीत वळलं की चाळीसचा वेगही रांगल्यासारखा वाटतो. नजरेला वेगाची सवय लागलेली असते. सायकलवरून उतरल्यावर तेच. झाडं ताशी 30ने मागे पळत होती, आता 10ने. मला वाटत होतं मी सरपटतोय. घड्याळ सांगत होतं, मी ठरवल्यापेक्षा बराच जोरात पळतोय. मी घड्याळावर विश्वास ठेवला नाही, आणि शेवटचा किलोमीटर जवळपास चालत काढला.

भरीला उष्णता. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम 20 ते 25 टक्के ऊर्जा कामाला लावतात, उरलेली उष्णता होते. एक लिटर घाम वाळला की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर. ओघळून खाली पडलेल्या घामाचा उपयोग नाही. सायकलवर वारा हे काम बिनबोभाट करत असतो. उतरलात की वारा पडतो, रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके चढत जातात. पहिल्या धावेतले आकडे दुसऱ्या धावेत लावू नयेत ते यासाठीही.

या सांध्याची तालीम करता येते. तिला 'ब्रिक' म्हणतात: सायकल संपवून लगेच बूट बदलायचे आणि दहा-पंधरा मिनिटं पळायचं, आठवड्यातून एकदा. मी सोमवारी पळत होतो, बुधवारी सायकल चालवत होतो आणि दोघांची कधी गाठच घालून दिली नव्हती. दुसऱ्या शर्यतीआधी सहा आठवडे ब्रिक केले. पाय तेव्हाही परके झाले, पण तीनेकशे मीटरांत ओळख पटली.

पहिल्या शर्यतीनंतर दोन दिवसांनी जिना चढायला काही वाटत नव्हतं. उतरताना मात्र कठडा धरावा लागत होता. उतरतानाही मांडीचा स्नायू ताणला जाता जाता भार रोखतो, पळताना रोखतो तसाच, आणि अशा कामाने पडलेल्या सूक्ष्म चिरा एक ते तीन दिवसांनी ठणकतात. म्हणजे ती दुखणी सायकलची नव्हती, साडेसात किलोमीटर पळण्याची होती. स्नायू एकदा असे दुखले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने बरेच कमी दुखतात. दुसऱ्या खेपेला मी जिना हात सोडून उतरलो.