अमेरिकन फुटबॉल : दोन्हीकडे खेळणारे अकरा जण गेले कुठे?

कोलोरॅडो विद्यापीठाच्या ट्रॅव्हिस हंटरने २०२४ च्या हंगामात आक्रमणात ९६ पास झेलले, १,२५८ यार्ड मिळवले, १५ टचडाउन केले (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोललाइनपलीकडे नेला). शिवाय बचावात उभं राहून प्रतिस्पर्ध्यांचे ४ पास मधल्यामध्ये पळवले. दोन्हीकडचं धरून १,४०० हून जास्त चालींत तो मैदानावर होता. त्याला हाइझमन करंडक (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळाला तेव्हा कौतुकाचा सूर ‘असा खेळाडू विरळाच’ असा होता, कारण आज आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असतात. १९३५ च्या प्रेक्षकाला हे आकडे थक्क करून गेले असते, पण एकच माणूस दोन्हीकडे खेळतो यात त्याला काहीच वाटलं नसतं. तेव्हा मैदानात उतरणारा प्रत्येक जण दोन्हीकडे खेळायचा, कारण नियमाने दुसरी सोयच ठेवली नव्हती.

त्या पिढीच्या दमाच्या आणि धडधाकटपणाच्या कथा खूप सांगितल्या जातात. त्या खोट्या नाहीत, पण खरं कारण बदली खेळाडूच्या नियमात आहे. सुरुवातीच्या काळात खेळाडू जखमी झाला किंवा पंचांनी बाहेर काढला तरच त्याच्या जागी दुसरा यायचा. पुढे नियम सैलावला, तरी १९३२ मध्येसुद्धा बाहेर गेलेला खेळाडू फार तर पुढच्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या पुढच्या पाव भागात) परत येऊ शकत होता. म्हणजे आपला उत्तम धावपटू बचावापुरता बसवला, तर चेंडू परत हाती आल्यावरही तो बाकावरच. कोणता कोच हे करेल? कॉलेज फुटबॉलमध्ये तर आत आलेल्या बदली खेळाडूने एक चाल होईपर्यंत सहकाऱ्यांशी बोलायचंही नाही, असा नियम होता. कोचचा निरोप आत पोचू नये, हा त्यामागचा हेतू.

ब्राउन विद्यापीठाने १९२६ मध्ये येल आणि डार्टमथ या दोघांना लागोपाठच्या सामन्यांत हरवलं ते एकही बदली न करता. त्या अकरा जणांना ‘आयर्न मेन’ म्हणत. १९३९ च्या आयोवा संघालाही तेच नाव मिळालं. त्यांचा नाइल किनिक सलग ४०२ मिनिटं मैदानाबाहेर गेला नाही आणि त्या वर्षीचा हाइझमनही त्यालाच मिळाला. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, पैशाचीही अडचण होती. १९२५ मध्ये संघात जास्तीत जास्त १६ खेळाडू ठेवता येत, १९३५ मध्ये २४. आज ५३ असतात.

मग कोण कुठे खेळायचं? आक्रमणातली जागा ठरली की बचावातली जागा साधारण ठरलेली असे. सेंटर, म्हणजे चेंडू मागे देणारा, बचावात लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या ओळीच्या मागे उभा राहणारा, व्हायचा. फुलबॅकही लाइनबॅकर. सेंटरच्या बाजूंचे गार्ड आणि टॅकल दोन्हीकडे पुढच्या ओळीतच. चेंडू फेकणारा टेलबॅक सगळ्यात मागे, सेफ्टीला. न्यूयॉर्क जायंट्सचा मेल हाइन १९३१ ते १९४५ असा पंधरा हंगाम सेंटर-लाइनबॅकर होता. शिकागो बेअर्सच्या बुलडॉग टर्नरच्या जागाही त्याच, आणि १९४२ मध्ये पास पळवण्यात तो ८ वेळा यशस्वी होऊन लीगमध्ये पहिला आला. सेंटरने असा पराक्रम करावा हे आज कुणाला पटायचं नाही.

हे जुळलं नाही की संघ अडायचा. ग्रीन बे पॅकर्सचा डॉन हटसन हे त्याचं चांगलं उदाहरण. पास झेलण्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, पण आक्रमणात ओळीच्या टोकाचा ‘एंड’ असल्यामुळे बचावातही तो टोकाला, वाट अडवणाऱ्या आडदांड ब्लॉकरांसमोर उभा राहायचा. वजन जेमतेम ८३ किलो. १९३९ मध्ये लॅरी क्रेग आला. आक्रमणात तो मागून ब्लॉक करायचा, बचावात मात्र त्याने हटसनची टोकाची जागा घेतली. हटसन मागे सेफ्टीला गेला आणि शेवटच्या सहा हंगामांत त्याने ३० पास पळवले. त्याआधीच्या पाच हंगामांतला त्याचा बचाव आकड्यांत सापडणारच नाही, कारण पळवलेल्या पासांची अधिकृत नोंद लीगने १९४० पासून ठेवायला घेतली. प्रतिस्पर्ध्याला पाडण्याची, म्हणजे टॅकलची, तर तेव्हा नोंदच नव्हती. त्या काळातल्या खेळाडूंची तुलना आजच्यांशी करताना हे विसरलं जातं.

वॉशिंग्टनच्या सॅमी बॉचा १९४३ चा हंगाम मात्र आकड्यांतच दिसतो. पासिंगमध्ये पहिला, पंटिंगमध्ये, म्हणजे चेंडू हातातून सोडून लाथेने लांब मारण्यात, पहिला (सरासरी ४५.९ यार्ड), पास पळवण्यात पहिला (११). डेट्रॉइटविरुद्धच्या एका सामन्यात त्याने टचडाउनचे ४ पास फेकले आणि ४ पळवले. १९४० ची त्याची ५१.४ यार्डांची पंटिंग सरासरी कित्येक दशकं विक्रम म्हणून टिकली. त्यात ‘क्विक किक’चा वाटा होता. चौथ्या डाउनची (शेवटच्या प्रयत्नाची) वाट न पाहता आधीच अचानक पंट मारायचा, मागे झेलायला कुणी उभाच नसतो, चेंडू घरंगळत जातो. असे लवकर मारलेले पंट हे त्या खेळाचं एक अंगच होतं. आपल्या गोललाइनजवळ अडकलो की चेंडू लांब धाडून बचावाला उभं राहायचं. तेच अकरा जण असल्यामुळे त्यात काही बिघडत नसे.

१९४४ मध्ये वॉशिंग्टनने टी-फॉर्मेशन (आक्रमणाची टी आकाराची मांडणी) घेतलं. त्यात प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे इथे बॉच्या, हातात येतो. अशा माणसाला बचावात धडका खायला पाठवणं कोचना परवडेना. बॉचे कारकिर्दीतले ३१ च्या ३१ पळवलेले पास १९४५ पर्यंतचे आहेत.

नियम बदलला तो आधी कॉलेजांत. १९४१ मध्ये ‘केव्हाही’ बदली करण्याची मुभा आली, पण तिचा पुरता फायदा घ्यायला चार वर्षं गेली. १३ ऑक्टोबर १९४५ ला यँकी स्टेडियमवर मिशिगनची गाठ आर्मीच्या (वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या) बलाढ्य संघाशी होती. मिशिगनचे कोच फ्रिट्झ क्रिसलर यांच्याकडे बरीच पोरंसोरं होती. ही मुलं साठ मिनिटं टिकणार नाहीत हे ओळखून त्यांनी आक्रमणाला आणि बचावाला वेगवेगळी आठ-आठ माणसं आलटून-पालटून पाठवली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ७-७ अशी बरोबरी होती. शेवटी मिशिगन २८-७ ने हरलं, पण आर्मीचे कोच रेड ब्लेक यांनी ही युक्ती उचलली आणि तिला लष्करी ‘प्लॅटून’ (तुकडी) हे नाव चिकटलं.

एनएफएलने खुली बदली आणली ती १९४३ मध्ये, महायुद्धामुळे. खेळाडू सैन्यात गेले होते, संघ २८ जणांवर आले होते, फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांना तर एकत्र संघ उतरवावा लागला. १९४६ मध्ये हात आखडता घेतला (एका वेळी तीनच बदल्या), १९४९ मध्ये वर्षभरासाठी पुन्हा मोकळीक दिली आणि १९५० पासून ती कायमची झाली. आयपीएलमध्ये ‘इम्पॅक्ट प्लेअर’ आल्यावर अष्टपैलूंचं काय होणार, हा वाद आपल्याकडे झालाच. इथे तर एका खेळाडूची नव्हे, अख्ख्या संघाची अदलाबदल चालू झाली.

कॉलेजांनी मात्र १९५३ मध्ये चाक उलटं फिरवलं. दोन संघ पोसायचे म्हणजे दुप्पट शिष्यवृत्त्या आणि दुप्पट कोच. लहान कॉलेजांना ते झेपेना. खेळाडू एकदा बाहेर गेला की त्या क्वार्टरमध्ये परत नाही, फक्त दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरची शेवटची चार मिनिटं अपवाद. १९५५ पासून क्वार्टर सुरू करणाऱ्याला एकदा बाहेर जाऊन परत येता येऊ लागलं. या फटीतून एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) कोच पॉल डिट्झेल यांनी १९५८ मध्ये तीन तुकड्या काढल्या : दोन्हीकडे खेळणारे पहिले अकरा, मुख्यतः आक्रमणाची ‘गो टीम’ आणि बचावाची ‘चायनीज बँडिट्स’. त्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांचं. पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरला त्यांच्याच बिली कॅननने मिसिसिपीविरुद्ध पंट झेलून ८९ यार्ड पळत टचडाउन केला आणि सामन्याच्या शेवटी गोललाइनवर प्रतिस्पर्ध्याला अडवण्यातही तोच होता. निकाल ७-३. १९६४-६५ मध्ये कॉलेजांचे निर्बंध उठले.

‘शेवटचा साठ मिनिटांचा खेळाडू’ म्हणून फिलाडेल्फियाच्या चक बेडनारिकचं नाव घेतात. ते थोडं सैल विधान आहे. १९६० मध्ये पस्तिशीचा बेडनारिक सेंटर होता. संघाचा लाइनबॅकर बॉब पेलेग्रिनी जखमी झाल्यामुळे त्याला लाइनबॅकरही व्हावं लागलं. ही जुनी पद्धत नव्हे, नाइलाज होता. अंतिम सामन्यात तो ५८ मिनिटं खेळला आणि शेवटच्या चालीत त्याने ग्रीन बेच्या जिम टेलरला गोललाइनपासून ८-९ यार्डांवर पाडून धरून ठेवलं. फिलाडेल्फिया १७-१३ ने जिंकलं.

खुल्या बदलीने शरीरंही बदलली. हाइनचं वजन १०० किलोच्या आसपास होतं, आजचा आक्रमणातला लाइनमन १४० किलोचा असतो. पाच-सहा सेकंदांच्या चालीसाठी घडवलेलं ते शरीर लगेच बचावालाही उतरवलं, तर तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पाय जड होतात आणि चुकीच्या कोनातून धडक बसते. दुसरी अडचण वेळापत्रकाची : आक्रमणाच्या आणि बचावाच्या बैठका एकाच वेळी, वेगवेगळ्या खोल्यांत होतात. डियॉन सँडर्सने १९९६ मध्ये डॅलससाठी ३६ पास झेलले आणि बचावात पास झेलणाऱ्यांवर पहारा देणारा कॉर्नरबॅकही सांभाळला, पण ही दोन्ही कामं उघड्या मैदानातली, हलक्या अंगाची आहेत. सेंटर-लाइनबॅकर ही जोडी परत आलेली नाही.

जिथे माणसंच कमी, तिथे जुनी रीत चालू आहे. नेब्रास्कात १९३४ मध्ये लहान शाळांसाठी सहा जणांचं फुटबॉल सुरू झालं. टेक्सासच्या खेड्यांतल्या शाळा ते अजून खेळतात, आणि तिथे आक्रमणातली मुलं चेंडू गेल्यावर बाकाकडे न जाता समोर तोंड करून उभी राहतात.