रॅगिंगची तक्रार: कोण करू शकतं, कुठे करायची, सोबत काय जोडायचं

ॲडमिशन झाल्या की दरवर्षी तेच प्रश्न येतात, सीनियर त्रास देतायत पण सांगायचं कुणाला आणि सांगितल्यावर पुढे होतं काय. महाराष्ट्रातल्या कॉलेजांपुरतं सांगायचं तर दोन गोष्टी लागू होतात, राज्याचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आणि यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २००९ चे नियम.

आधी एक गैरसमज काढा, मारहाण झाली तरच रॅगिंग असं अजिबात नाही. ज्युनियरकडून स्वतःच्या असाइनमेंट लिहून घेणं, जबरदस्तीने खर्च करायला लावणं, ग्रुपवर घाणेरडे मेसेज टाकणं, हे सगळं त्यात येतं, आणि यूजीसीच्या नियमांतल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर जात, धर्म, रंग, प्रांत यावरून छळणंही स्पष्टपणे आलंय.

तक्रार विद्यार्थी स्वतः करू शकतो, आईवडील किंवा पालक करू शकतात, शिक्षकही करू शकतात. पण लेखी करा, हे मी परत परत सांगेन. तोंडी सांगितलं की "बघतो, समजावतो त्यांना" म्हणून विषय तिथेच मिटवला जातो. राज्याच्या कायद्याप्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते, त्यात प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते, आणि प्रमुखानेच टाळाटाळ केली तर त्यालाही गुन्ह्याला मदत केल्यासारखं धरलं जातं. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर (अर्ज मिळाल्याचा नोंद क्रमांक), तारीख, शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका.

अर्जात "सीनियर त्रास देतात" एवढंच लिहिलं तर चौकशी कशाची करणार? "अमुक तारखेला रात्री साडेअकराला होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर अमुक दोघांनी मला खोलीत बोलावलं, तासभर उभं केलं, तेव्हा माझा रूममेट तिथे होता" असं लिहा. नावं माहीत नसतील तर वर्ग, खोली नंबर, वर्णन द्या.

सोबत आयकार्डची झेरॉक्स, साक्षीदारांची नावं, मार लागला असेल तर डॉक्टरांचे कागद. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, क्रॉप करू नका, आणि रागाच्या भरात ग्रुप सोडायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, मूळ चॅट तर डिलीट करूच नका.

कॉलेजात जायची भीती वाटत असेल तर यूजीसीची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, टोल फ्री, २४ तास चालू. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र कशाची वाट न बघता सरळ ११२ लावा.

लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे जा, मुलगा असो वा मुलगी. तिथे मुदत घटनेपासून ३ महिन्यांची, प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून, आणि उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते.

रॅगिंगमध्ये शिक्षा निलंबनापासून ॲडमिशन रद्द होण्यापर्यंत, आणि कोर्टात दोष सिद्ध झाला तर २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. ज्याच्यावर कारवाई झाली त्यालाही अपील आहे, संलग्न कॉलेजच्या आदेशावर ते कुलगुरूंकडे करायचं.